तळघराची दुसरी मोटर

आमच्या घराला तळघर आहे हे कळलं की गोंदियातली माणसं आधी कौतुकानं बघतात आणि मग विचारतात, "पानी नहीं भरता क्या?" भरतं. भरणारच. ज्या जमिनीत पाणी टिकावं म्हणून माझ्या सासरच्या चार पिढ्या चिखलात उभ्या राहून धुरे, म्हणजे बांध, घालत आल्या, त्याच जमिनीत माझ्या नवऱ्यानं खड्डा खणला आणि आता हा कोरडा राहील अशी अपेक्षा धरली. तिरोड्याच्या रस्त्याला लागून आमची धानाची शेती आहे. तिच्यातला एक तुकडा अकृषक करून त्यावर घर बांधलं. बाकीच्या बांध्या धाकटा दीर अजून करतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घालून पाणी कोंडलेलं धानाचं वावर. यातली सगळ्यांत वरची बांधी आमच्या मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेली आहे. हे सगळं नवऱ्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण रायपूरच्या एका मित्राच्या बंगल्याखाली तळघर होतं, आणि मित्राकडे आहे ते आपल्याकडे नाही, हे त्याला सोसवत नाही.

समोर मी त्याला अहो म्हणते, तुम्ही म्हणते. लिहिताना तेवढा मान ठेवायची मला गरज वाटत नाही.

तळघर झालं, पण त्याचं काय करायचं ते कोणालाच सुचेना. बिघडलेला कूलर, लग्नात आलेली पण कोणालाच नको असलेली भांडी, एक पाय मोडलेला दिवाण, असलं सगळं तिथं जाऊन बसलं. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी ते सामान बाहेर काढलं. चुना मारून घेतला, शाळेच्या लिलावातून टेबलं आणली, पंखे लावले आणि मुलींसाठी अभ्यासिका काढली. फक्त मुलींसाठी. पोलीस भरती, तलाठी, बँक, कसली ना कसली परीक्षा देणाऱ्या मुली. कोणी एसटीनं येई, एक सौंदडहून गाडीनं येई. घरी अभ्यासाला बसलं की यांना कोणी ना कोणी पाणी मागतं, चहा मागतं, बकरी बांधायला सांगतं. आमच्या तळघरात मे महिन्यातही थंड असे आणि कोणी काही मागत नसे. भिंतीवर मी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: येथे बोलू नये. माझ्या मनानं, कोणाला न विचारता मी आयुष्यात केलेली ही एकच गोष्ट, आणि ती माझ्या फार जिवाची होती.

पाणी झिरपायचं, ते कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात उतरायचं. खड्ड्यात मोटर होती. पाणी वर आलं की तरंगणारा गोळा उचलला जाई, मोटर आपोआप सुरू होई आणि पाणी पाइपानं मागच्या भिंतीतून बाहेर जाई. बाहेर म्हणजे कुठे, हे मी कधी विचारलं नाही. घराबाहेर गेलं म्हणजे गेलं.

मग एका श्रावणात भर दुपारी लाइट गेली. तिरोड्याला एवढा मोठा वीज कारखाना, त्याची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात आणि आमच्याकडे मात्र ढग दिसला की अंधार. तरी घरात इन्व्हर्टर होता, आणि मोटर त्याच्यावर जोडलेली आहे असं नवरा छातीठोकपणे सांगायचा. होतीही जोडलेली. पण त्या दुपारी क्रिकेटची मॅच होती. इन्व्हर्टरवर टीव्ही, पंखा, शिवाय बघायला आलेल्या चौघांचे मोबाइल चार्जिंगला. शेवटची षटकं सुरू असताना इन्व्हर्टरनं मान टाकली. वर हे लोक हळहळत होते आणि खाली सौंदडची मुलगी चप्पल हातात घेऊन, पुस्तकं डोक्यावर धरून जिना चढत होती. तिला पाहून माझ्या नवऱ्यानं विचारलं, "काऊन, काय झालं?"

टेबलांचे पाय फुगले. एका मुलीच्या नोट्सचा लगदा झाला. ती रडली नाही, उन्हात एकेक पान सुटं करत बसली, आणि मला तिच्याकडे बघवेना. संध्याकाळी नवऱ्यानं निकाल दिला. "पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पानी भरलं न, तर मी मुरूम टाकून हे तळघर बुजवून टाकतो. डोक्याले ताप नाई पाहिजे." ज्यानं बांधलं त्यालाच त्याचा ताप. मी म्हटलं, "बुजवायचं कशाला? दुसरी मोटर बसवू. लाइट गेली तर चालेल अशी." तो म्हणाला, "पाहतो." आमच्या घरात 'पाहतो' म्हटलं की समजावं, आता पुष्कळ माणसं सल्ला द्यायला येणार.

आणि आलीच. पहिला सल्ला धाकट्या दिराचा. "वैनी, डिझेल इंजन ठेवा न. आमी बांधीले लावतो तेच. लाइटचं काम नाई." सांगून थांबला नाही, दुसऱ्या दिवशी इंजिन घेऊनच आला. जिन्याच्या तोंडाशी ठेवलं, जाड नळी खाली सोडली आणि दोरी ओढली. इंजिननं पाणी ओढलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचा धूर सरळ जिन्यानं खाली उतरला. मुली खोकत वर आल्या, माझा चुना काळा पडला, आणि दीर इंजिनच्या आवाजावरून ओरडून सांगत होता, "पाहा, कसं ओढून राहिलं!" शेतात चालतं ते घरात का चालत नाही, हे त्याला समजावणं माझ्यानं झालं नाही. मी नुसतं इंजिन उचलायला लावलं.

दुसरा सल्ला नवऱ्याच्या मित्रमंडळाचा. हे मंडळ रोज सकाळी आमच्या ओट्यावर चहाला बसतं. सगळे निवृत्त. यांच्यातल्या एकानंही उभ्या हयातीत स्वतःच्या घरातला नळाचा वॉशर बदललेला नाही, पण मोटरीवर ते तासभर बोलू शकतात. एकाचं म्हणणं, हॉर्सपॉवर जास्त घ्या, मग काळजी नाही. दुसरा म्हणे, कमी घ्या, जास्त घेतली की जळते. तिसऱ्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यात कुठल्या तरी परदेशातला गोरा माणूस स्वच्छ पांढऱ्या तळघरात उभा राहून हसत होता. सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्या माणसाच्या भिंतीमागे धान नव्हता, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. माझा नवरा तर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून पाण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. खात्यात तो पगारबिलं करायचा. पण पगारबिलं का होईनात, पाण्याच्याच खात्यातली ना, या जोरावर तो बोलत असतो.

मग आम्ही दोघं बाजारात गेलो. गोंदियातला मोटरींचा दुकानदार हिंदीत बोलतो आणि फक्त पुरुषांशी बोलतो. मी विचारलं, "बॅटरीवर चालणारी आहे का? आणि एकदा चार्ज केली की किती वेळ चालेल?" तो नवऱ्याकडे वळून म्हणाला, "भाईसाहब, कितना फुट उठाना है?" नवऱ्याला खोली माहीत नव्हती. त्यानं हात छातीच्या वर नेला, मग डोक्याच्या वर नेला आणि म्हणाला, "इतना समझो." मी माप सांगितलं. दुकानदार नवऱ्यालाच म्हणाला, "मैडम को सब मालूम है," आणि दोघं हसले. पुढे त्यानं एक लाल मोटर दाखवली, मग हिरवी दाखवली. फरक काय, म्हणून मी विचारलं. "क्वालिटी का फरक है." कसली क्वालिटी? "अरे मैडम, कंपनी की चीज है." लाइट गेली तर यातली कोणती चालेल, हा माझा प्रश्न त्या दुकानात कोणी ऐकलाच नाही. ऐकू येत होता, नक्कीच. मनावर कोणी घेतला नाही, एवढंच. नवऱ्याला लाल आवडली होती.

मी पाय आपटून बाहेर आले आणि त्या दिवशी काहीच घेऊ दिलं नाही. शेवटी नागपूरहून आणायचं ठरलं, कारण नागपूरहून आणलेली वस्तू चांगलीच असते, असं मंडळाचं एकमत होतं. ती मात्र मी मोबाइलवर सगळं वाचून निवडली: स्वतःची वेगळी बॅटरी असलेली, लाइट गेली की आपोआप चालू होणारी, टीव्हीशी काही संबंध नसलेली. आणायला नवरा गेला आणि सोबत मंडळातले दोघे. एक खोकं आणायला तीन पुरुष. येताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जेवले आणि तिथं ते खोकं गाडीतून काढून खाटेवर ठेवलं, ट्रकवाल्यांना दाखवलं. घरी आल्यावर नवऱ्यानं हे मला स्वतः अभिमानानं सांगितलं. "सर्दारजी म्हने, बढिया चीज लाई." ज्या सरदारजीला तळघरच नाही त्याचं प्रमाणपत्र त्याला पुरलं आणि मी महिनाभर झिजवलेलं डोकं मात्र कुठेच मोजलं गेलं नाही. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मी त्याला जेवणार का तेही विचारलं नाही.

मोटरीची पूजा झाली. हळद, कुंकू, झाकणावर स्वस्तिक, वर झेंडूचं फूल. नारळ खड्ड्याच्या काठावर फोडला आणि त्यातला एक तुकडा पहिल्याच दिवशी मोटरीत अडकायचा होता, तो मी वेळेवर उचलला. मंडळ ओळीनं उभं होतं. मुली बाजूला सरकून, पुस्तक छातीशी धरून, हा सोहळा संपायची वाट पाहत होत्या.

पुढचा पावसाळा आला. रोवणी झाली, बांध्या भरल्या, आणि जुनी मोटर जी सुरू झाली ती थांबेना. भादव्यात पाऊस उघडला, आठवडाभर लख्ख ऊन, तरी मोटर चालूच. मी म्हटलं, "पाऊस नाही, मग पाणी येतं कुठून?" नवरा म्हणाला, "जमिनीतलं पानी आहे ते. तुले नाई समजनार." पाणी एका मोटरीला आवरेना, तेव्हा नवी मोटरही तिच्या जोडीला लावली. आता दोन मोटरी एकदम घरघरत होत्या आणि गंमत अशी, की दोन मोटरींनी पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. खड्डा काठोकाठ. फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येऊ लागलं. मुली पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवून वाचत होत्या. सौंदडच्या मुलीची परीक्षा तोंडावर आली होती; ती रोज येऊन आधी खड्ड्याकडे बघायची, मग पुस्तक उघडायची.

नवऱ्यानं सांगून टाकलं, "दोन दोन मोटरी लावल्या, आनखी काय करू? मुरूम सांगितला आहे. सोमवारी टिप्पर येऊन राहिलं." मी भांडले. चांगली आवाज चढवून भांडले. त्यानं पेपर समोर धरला. एवढी मेहनत करूनही माझी खोली मुरमाखाली जाणार होती, आणि ज्या माणसाला ती खोली कधीच कळली नाही तो पेपर वाचत होता. मला रडू आलं ते त्याच्यासमोर नको म्हणून मी मागच्या गॅलरीत गेले.

रविवारी सकाळी उठले तर घर शांत. दोन्ही मोटरी बंद. मला वाटलं, दोन्ही जळल्या. धावत खाली गेले. खड्डा रिकामा होता. तळाशी नुसता गाळ आणि त्यात झेंडूचं कुजलेलं फूल. फरशीचे सांधे सुकत आले होते. लाइट होती. मोटरींना उपसायला काही नव्हतं, म्हणून त्या बंद होत्या.

मी मागच्या दारानं बाहेर आले. दीर वरच्या बांधीत उभा होता आणि खेकड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. खेकड्यानं धुऱ्यात बीळ केलं, बिळाचं भगदाड झालं, आणि वरच्या बांधीतलं सगळं पाणी रातोरात खालच्या बांधीत वाहून गेलं होतं. तो चिखल आणि धानाचं तणस कोंबून भगदाड बुजवत होता. त्याच्या पायाशी, धानाच्या बुंध्यांमध्ये, एरवी पाण्याखाली असणाऱ्या चिखलात, एक पांढरा पाइप तोंड उघडून पडला होता.

"हा कशाचा पाइप?" मी विचारलं.

"आपलाच न वैनी. तरघराचा."

"इथं कोणी सोडला?"

"मीच सोडला. दादाले इचारून." तो खुशीतच सांगत होता. "एवढं पानी नालीत कायले घालवाचं? वरच्या बांधीत सोडला का खालच्या आपोआप भरतेत."

मी पाइपाच्या तोंडाकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. पाइपाचं तोंड आणि माझी भिंत यांच्यात हातभर माती होती. तीन पावसाळे आम्ही तळघरातलं पाणी उपसून याच भिंतीच्या बाहेर कोंडून ठेवत होतो, आणि ते भिंतीखालून परत तळघरात येत होतं. मग आम्ही तेच पुन्हा उपसत होतो. त्यासाठी इन्व्हर्टर, त्यासाठी धूर, त्यासाठी नागपूर, त्यासाठी सरदारजी. दुसरी मोटर लावली म्हणजे तेच पाणी दुप्पट वेगानं फिरवायला लागलो. हे दोन्ही भावांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि यात काही चुकतंय असं त्यांच्या मनात आलं नाही, कारण धान पिकवणाऱ्या माणसाला पाणी टाकून देणं जमतच नाही. ते कुठेतरी अडवल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

मी हसले. मोठ्यानं हसले, तिथंच चिखलात. दिराला वाटलं, खेकड्यावर हसतेय.

नवऱ्याला बांधीवर आणलं, पाइप दाखवला. त्यानं वाकून पाइपात डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "पन पानी वाया कायले घालवाचं?" मी म्हटलं, "तुम्ही घरात जा." बाजारात जाऊन लांब पाइप घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, "भाईसाहब नहीं आए?" मी म्हटलं, "पाइपाला भाईसाहब लागत नाहीत." दिराकडूनच तो पाइप धुऱ्याधुऱ्यानं नेऊन सगळ्यांत खालच्या बांधीत सोडून घेतला, म्हणजे त्याचंही पाणी वाया जाणार नाही. तरी तो कुरकुरला. वरच्या बांधीचा धान त्या साली हलका झाला हे तो अजून ऐकवतो. मी ऐकून घेते.

सोमवारी टिप्पर आलं. सांगितलेला मुरूम परत नेणार नाही, असं टिप्परवाला म्हणाला. मी दिराकडून वरच्या बांधीचा धुरा चार हात मागे सरकवून घेतला आणि तो मुरूम मागच्या भिंतीला लागून टाकून घेतला, बांधी आणि घर यांच्यामध्ये, आणि चांगला ठोकून दाबून घेतला. आता तिथं मुलींच्या सायकली उभ्या असतात. सौंदडच्या मुलीनं परीक्षेचा अभ्यास कोरड्या फरशीवर पाय ठेवून पुरा केला आणि ती भरतीत लागली. तिनं पेढे आणले. नवऱ्यानं पेढा खाता खाता तिला सांगितलं, "मोटर बसवली न आमी, म्हनून." ती माझ्याकडे बघून हसली.

नव्या मोटरीनं त्यानंतर काम असं केलेलं नाही. लाइट जाते, पण खड्ड्यात उपसावं इतकं पाणीच येत नाही. तरी पाहुणे आले की नवरा त्यांना खाली नेऊन दाखवायचा: किती हॉर्सपॉवरची, कुठून आणली, ढाब्यावरचे लोक काय म्हणाले. पाहुणे मान हलवायचे. मुली बिचाऱ्या माना खाली घालून वाचत राहायच्या.

मग या मे महिन्यात वरचा कूलर बंद पडला. पहिल्या दिवशी नवरा ओट्यावर तळमळला, दुसऱ्या दिवशी गच्चीच्या जिन्यात बसला, आणि तिसऱ्या दुपारी पेपर काखेत मारून तळघराच्या दारात येऊन उभा राहिला. जी खोली बुजवायला निघाला होता, तिथंच त्याला गारवा सापडला. शेवटचं टेबल रिकामं होतं, ते मी हातातलं पुस्तक न मिटता दाखवलं. तो बसला. पेपर उघडला, पंख्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मोटरीकडे पाहिलं आणि शेजारच्या नव्या मुलीकडे वळून तोंड उघडलं, "ही मोटर आहे न बाई, ही आमी..."

मुलीनं पुस्तकातून मान वर न काढता बोटानं पाटी दाखवली.

त्यानं पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं. आता तो रोज दुपारी येतो आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलत नाही.